क्षेत्र जुळले

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, चहाची गाळणी सापडेना म्हणून चहा रुमालातून गाळला, पाठीचा पार भुगा झाला आहे, आणि तरीही आज मी खूश आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कुरकुर करायला लागले की हेच पान उघडून स्वतःला दाखवीन.

घर बैठं, दोन खोल्यांचं, मागे हातभर अंगण. गल्लीतली सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली, नवी कोरी, प्रत्येकाच्या छपरावर निळी टाकी. भिंतीपलीकडे एक शिंपीण राहते. एकटी, साधारण माझ्याच वयाची, बोलायला मोकळी. ट्रकमधून सामान उतरत असतानाच ती आमच्यासाठी गरम सूप घेऊन आली आणि तुम्ही कामावर गेलात की तुमच्या बाबांकडे मी बघेन, असं स्वतःहून सांगून गेली. तिच्या मशीनची खडखड भिंतीतून ऐकू येते. बाबा म्हणाले, चला, रेडिओची सोय झाली.

बाबांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. खिडकीतून रस्ता दिसतो, रस्त्यापलीकडे उतार, आणि उताराखाली पाणथळ: नजर पोचेल तिथवर लव्हाळी, मधे मधे चकाकणारं पाणी, आणि पक्षी तर विचारू नका. पण हे सगळं मला दिसतं. बाबांना उशी लावून बसवलं तरी त्यांना फक्त लव्हाळ्यांचे शेंडे दिसतात. कंबरेखालचं अंग गेलं त्याला आता दोन वर्षं होतील. मला एकदा उभं कर गं नकाशेवाली, म्हणाले, मग पाणी कसं आहे ते मी तुला सांगतो. आणि स्वतःच हसले. मीही हसले, आणि मग गाळणी शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले.

नोकरी पाणथळ सांभाळणाऱ्या कार्यालयात आहे, नकाशे करायची. आजवर हेच काम मी मोठमोठ्या दुकानांसाठी केलं. उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवून सांगायचं, इथे गिऱ्हाईक जास्त, इथे बांधा. आता त्याच बोटाने सांगायचं, इथे बांधू नका. थोडं पुण्य पदरात पडलं तर पडलं.

रोजनिशीची कल्पना धाकट्या भावाची. लिहिलं की मन शांत होतं, असं तो फोनवर म्हणाला. बाबांच्या आजारपणात त्याच्याकडून आलेली ही आजवरची सगळ्यांत भरीव मदत.

गुरुवार, ७ मार्च

कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. तीन टेबलं, पाण्याचं पिंप, भिंतभर पाणथळीचा नकाशा, आणि साहेब. साहेब निवृत्तीला टेकले आहेत. आवाज इतका मऊ की त्यांनी रागावलं तरी आपल्याला कळायचं नाही. सारखा चष्मा पुसत असतात.

कामाची रीत त्यांनी नीट समजावली. सगळ्यांत खाली उपग्रहाचं चित्र. त्यावर एकेक थर चढवायचा: रस्ते, वस्ती, शेतं, आणि सगळ्यांच्या वर पाणथळ. तिची हद्द माउसने बिंदू टाकत टाकत आखायची. पाणथळीचं एकूण क्षेत्र कायद्याने ठरवून दिलेलं आहे आणि ते तसूभरही घटता कामा नये. त्यामुळे संगणकातच तशी सोय करून ठेवली आहे. क्षेत्र कमी भरलं की तळाशी लाल पट्टी येते, ‘क्षेत्र जुळत नाही’, आणि केलेलं काम जतन होत नाही. पुरेसं भरलं की हिरवी पट्टी, ‘क्षेत्र जुळले’. एकदा जतन केलं की त्याला कुलूप लागतं. ते मुख्य कार्यालयातून उघडून मिळतं, पुढच्या कामाच्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी तिकडे कोणी फोनही उचलत नाही, हे साहेबांनी थोडं अभिमानानेच सांगितलं.

मला ही सोय फार आवडली. माणसाला भीड पडते, कोणी चहा पाजला की तो विरघळतो. यंत्राला यातलं काहीच होत नाही. इथे पाणथळ खरोखर वाचत असणार.

मंगळवार, १२ मार्च

आज जीपने पहिल्या पाहणीला गेले. नकाशात जे आहे ते जमिनीवर आहे का, हे हातातलं जीपीएस घेऊन जागेवर जाऊन बघायचं. चालक गोल चेहऱ्याचा आणि भलता बोलका. पहिल्या वळणावरच त्याने माझी ताई करून टाकली आणि पोचेपर्यंत घरची सगळी हकिगत सांगितली. मेहुण्याला पहारेकऱ्याची नवी नोकरी लागली, राहायला माडीवर पक्की खोली मिळाली, बहीण जाम खूश आहे, वगैरे. मी हो हो करत होते. अर्धं डोक्यावरून गेलं.

पूर्वेच्या तुकड्यापाशी उतरलो. कंबरभर लव्हाळी, काळंशार पाणी, पाणकोंबड्या. जीपीएस हातात धरून कडेकडेने चालले आणि चकित झाले. नकाशातली रेघ आणि पाण्याची कड यात बोटाचंही अंतर नाही. असं कधी होत नाही. थोडंफार इकडेतिकडे असतंच.

मग लव्हाळ्यांत दोन लोखंडी खांब दिसले. मधे तार, आणि तारेला कपड्यांचे चिमटे. चालक म्हणाला, इथे मजुरांच्या खोल्या होत्या. मग माणसं कुठे गेली, असं विचारलं तर तो जीपकडे वळला. जीप सुरू करून म्हणाला, गेली असतील कुठेतरी, माणसं जातातच की.

साहेबांना विचारलं. मागे रस्त्यासाठी पाणथळीची एक पट्टी द्यावी लागली होती. क्षेत्र भरून काढायला माझ्या आधीच्या बाईंनी पूर्वेचा तुकडा नकाशात टाकला. तेव्हा तिथे थेंबभर पाणी नव्हतं, पुढे आपोआप आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, जमीन हळूहळू नकाशाला येते, बाई.

मला हे बोलणं आवडलंही आणि नाहीही. कपड्यांचे चिमटे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

शुक्रवार, १५ मार्च

बाबांचा खोकला वाढला आहे. रात्री झोप नाही, दिवसा काम, मधल्या वेळात औषधं, चादरी, बादल्या. अंगात जीव म्हणून राहिलेला नाही.

त्यात आज साहेबांनी उत्तरेच्या कोपऱ्याचा विषय काढला. तिथे एका गोदामवाल्यांनी केव्हाच भराव टाकून भलंमोठं गोदाम उभं केलं आहे. जमिनीतून पाणी वर येतच राहतं म्हणून दिवसरात्र पंप चालू ठेवावे लागतात, एवढीच त्यांची अडचण. आता तो कोपरा नकाशातूनही काढायचा आणि तेवढंच क्षेत्र दुसरीकडे टाकायचं. मी म्हटलं, साहेब, मग आपण इथे बसतो कशाला? ते म्हणाले, वरून आलं आहे, बाई. भांडायला बळ लागतं, आणि ते मी आज घरून निघतानाच संपवून आले होते. हात टेकले.

ताज्या चित्रावर ढग होते, म्हणून साठ्यातलं जुनं लावलं. रस्त्याच्या अलीकडे एक मोकळं माळरान दिसलं, त्यावर एक छप्पर नाही की झाड नाही. चार कोपरे टाकले. थोडं कमी पडलं म्हणून एक बाजू जरा ओढली. ‘क्षेत्र जुळले.’ जतन केलं, घरी आले, भांडी तशीच टाकून पडले.

बुधवार, २० मार्च

घरात ओल आली आहे. बाबांच्या खाटेच्या पायांभोवती फरशी काळी पडली आहे. पुसली की तासाभरात पुन्हा तशीच. बाहेर ऊन मी म्हणतं आहे, आभाळात ढगाचा पत्ता नाही. घरमालक फोनवर म्हणाले, पाइप फुटला असेल. नळ दुरुस्त करणारा आला, इथे ठोकलं, तिथे ठोकलं, आणि म्हणाला, या खोलीखालून पाइप जातच नाही. येण्याचे पैसे मात्र घेऊन गेला.

शिंपीणबाईंकडेही तसंच आहे. त्यांनी मशीनच्या पायांखाली विटा लावल्या आहेत. त्या म्हणाल्या, नवं बांधकाम आहे, असंच असतं. आम्ही दोघी एकमेकींची समजूत काढत दारात उभ्या राहिलो. त्या आहेत म्हणून मी कामावर जाऊ शकते.

आज बाबांचे पाय पुसताना एक गोष्ट घडली ती लिहायची की नाही याचा बराच वेळ विचार केला. त्यांच्या तळव्यांना चिखल होता. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मी विचारलं, बाबा, हे काय? ते मिस्कील हसले, म्हणाले, जरा फिरून आलो. शिंपीणबाईंचा हात लागला असेल. असाच कुठूनतरी लागला असेल.

शनिवार, २३ मार्च

अंगणात लव्हाळी उगवली आहेत. काल नव्हती, आज गुडघाभर. उपटली तर खालून पाणी आलं.

भिंतीवर गोगलगायी. बाबांच्या उशाशी एक बेडूक बसला होता. त्यांनी मला तो हाकलू दिला नाही.

आणि बाबा आता रोज खिडकीतून दिसणाऱ्या माणसांविषयी बोलतात. लव्हाळ्यांत माणसं उभी असतात म्हणे. काही करत नाहीत, नुसती उभी. काल त्या तिकडे लांब होती, आज रस्त्याच्या अलीकडे आली आहेत. मी विचारलं, भीती वाटते का. नाही म्हणाले. फार दमलेली दिसतात बिचारी, तुझ्यासारखीच.

औषधाने भास होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोमवारी त्यांना फोन करायचा.

मंगळवार, २६ मार्च

ताजं चित्र आलं, बिनढगाचं.

मी ते तळाशी लावलं आणि वर पाणथळीचा थर चढवला. गोदामाच्या बदल्यात टाकलेला तुकडा जागेवर दिसला. त्याच्याखाली माळरान नव्हतं. घरं होती, एका साच्यातली, प्रत्येकाच्या छपरावर निळी टाकी. गल्लीच्या टोकापासून मोजत आले. शिंपीणबाईंचं घर तुकड्याच्या पार मधोमध, आणि आमचंही.

जुन्या चित्रात ही गल्ली नव्हती, कारण तेव्हा ती बांधलीच नव्हती. चित्राची तारीख बघायची, हे मी आजवर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत आले. आणि दमले होते म्हणून मी माझ्याच बापाच्या खाटेवर पाणथळ आखली.

लिहिलं की मन शांत होतं म्हणे, म्हणून लिहिते आहे.

बुधवार, २७ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. ओल, लव्हाळी, पूर्वेचा तुकडा, सगळं. मला वाटलं होतं, मला वेड्यात काढतील. त्यांनी काढलं नाही. फार वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, नकाशात तिथे वस्ती नाही ना? मग कोणाचं काय बिघडणार?

गोदामाचा कोपरा परत पाणथळीत टाकू म्हटलं. ते शक्य नाही म्हणाले. तुकडा हलवायचा असेल तर हलवा, कुलूप मी उघडून घेतो, पण दुसरीकडे कुठेतरी टाकावाच लागेल. क्षेत्र जुळलं पाहिजे.

दिवसभर जागा शोधली. शाळेचं मैदान. दवाखान्याची मागची बाजू. शेत, शेताच्या कडेला झोपडी, झोपडीपुढे वाळत घातलेले कपडे. जिथे जिथे माउस नेला तिथे कोणीतरी होतं. एकदा तर हात खाली आलाच होता. त्या झोपडीत कोण राहतं ते मला माहीत नव्हतं, आणि बाबा माझे होते. माउस सोडून मी हात मांडीखाली दाबून बसले.

साहेब कुठे राहतात ते मुद्दाम विचारलं. टेकडीवर.

घरी येऊन शिंपीणबाईंना सांगितलं, चार दिवस नातलगांकडे जा. त्या हसल्या. म्हणाल्या, ताई, तुम्ही झोप घ्या बरं जरा.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी जाग आली ती शांततेने. मशीनचा आवाज नव्हता.

त्यांचं दार उघडं होतं. आत घोट्यापर्यंत पाणी, काळं, थंड. विटांवर मशीन. सुईखाली अर्धी शिवलेली बाही. हाका मारल्या. मागच्या दाराबाहेर अंगण नाही, लव्हाळी, लव्हाळी, लांबपर्यंत —

कार्यालयात गेले नाही. गल्लीतली घरं एकेक करून वाजवली. कोणी दार उघडत नाही. बहुतेक कामावर गेली असतील. कामावरच गेली असतील.

दुपारी मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी धावत गेले. मशीन बंदच. आवाज फरशीच्या खालून येत होता.

शनिवार, ३० मार्च

बाबांना हलवायचंच. एकटीने उचलायला गेले, दोघंही पडलो. ते हसत होते. मी रडले. रुग्णवाहिकावाले म्हणाले, ओल आली म्हणून गाडी पाठवत नाही. धाकटा म्हणाला, ओल शोषून घेणारं यंत्र मिळतं, बघ.

चालक मात्र लगेच हो म्हणाला. उद्या सकाळी भावाला घेऊन जीप आणतो, दोघं मिळून बाबांना उचलून टेकडीवरच्या शुश्रूषागृहात पोचवतो. ताई, बाबा माझी जबाबदारी, म्हणाला. देव त्याचं भलं करो.

ते गेले की मी कार्यालयात जाणार. रविवार, कोणी नसेल, किल्ली माझ्याकडेच आहे, नकाशाचं कुलूपही गुरुवारीच उघडून आलं आहे. तुकडा या गल्लीवरून काढून कोपऱ्यातच परत टाकणार, जिथे तो होता, जिथलं पाणी अजून पंपाला दाद देत नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. निदान हे एक काम इथे बरोबर होईल.

या वेळी नीट बघितलं. ताजं चित्र, तारीख तपासली, दोनदा. कोपऱ्यात गोदामाचं एक लांबलचक छप्पर. गोदाम अजून उघडायचं आहे. आवारात गाडी नाही, माणूस नाही. फक्त छप्पर.

बाबा विचारताहेत, उद्या उभं करशील ना.

रविवार, ३१ मार्च. सकाळ

बाबा गेले जीपमधून. पाय चिखलाने भरलेले, तसेच. खिडकीतून हात हलवला मला. घरात पाणी खाटेच्या पट्ट्यांना लागलं होतं. अजून एक दिवस राहिलो असतो तर — नको.

कार्यालयात आहे. तुकडा काढला. लाल पट्टी. कोपऱ्याचे बिंदू टाकते आहे, जुन्या रेघेवरून. शेवटचा बिंदू.

‘क्षेत्र जुळले.’

जतन केलं. कुलूप लागलं. खुर्चीत मागे टेकले. किती दिवसांनी पाठ टेकली. जीवात जीव आला.

तेवढ्यातच

चालकाचा फोन आला. खुशीत होता. शुश्रूषागृहात जागा नव्हती, लिफ्टही बंद. म्हणून बाबांना त्याने मेहुण्याकडे नेलं. माडीवरची खोली, ताई, कोरडी ठणठणीत, बहीण चहा करते आहे, बाबा मजेत आहेत. तो डिझेल भरून मला घ्यायला येतो आहे.

मेहुणा कुठे पहारा करतो, विचारलं.

उत्तरेच्या कोपऱ्यात म्हणाला. नव्या गोदामात.

छपराखाली कोण आहे ते चित्रात दिसत नाही. मला माहीत होतं. मला हे —

चालकाने दिलेला मेहुण्याचा नंबर लागत नाही. कुलूप उघडत नाही. सगळं करून पाहिलं. मुख्य कार्यालय उचलत नाही. साहेबांनी उचलला. ऐकून घेतलं. सोमवारी बघू म्हणाले.

जीप आली.

रस्त्यात

आमच्या गल्लीवरून गेलो. कोरडी. शिंपीणबाईंचं दार उघडं, आत पाणी नाही. त्याही नाहीत.

चालकाला सगळं सांगितलं. जोरात चालवतो आहे. अक्षर नीट येत नाही.

पंपांचा आवाज येत नाही.

कोपरा

गोदाम नाही.

रस्ता संपतो तिथून पाणी. लव्हाळी. पक्षी परत आलेत, केवढे. छप्पर कुठे, माडी कुठे —

चालक उतरला. बहिणीला हाका मारत पाण्यात गेला. गुडघ्यापर्यंत. कंबरेपर्यंत. मी ओरडले. आता हाका मारत नाही. वळतही नाही. नुसता उभा आहे.

तिथे सगळीच उभी आहेत. शिंपीणबाई. गल्लीतली. कोणाकोणाला मी ओळखत नाही, हातात कपडे वाळत घालायला घेतलेले. काही करत नाहीत. फार दमलेली —

बाबा.

बाबा उभे आहेत. कोणी धरलेलं नाही. ताठ. कंबरभर पाण्यात, आपल्या पायांवर, दोन वर्षांनी —

हसताहेत. हात करताहेत मला. पाणी दिसतंय म्हणताहेत. ये गं नकाशेवाली, सांगतो तुला कसं आहे ते, ये, इथे अगदी